केरूचे डोस

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लसीकरणाचं जुनं रजिस्टर उलटं फिरवून शुभंकरसमोर सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. बीसीजी, त्रिगुणीचे तीन, पोलिओ, बूस्टर. सगळं वेळच्या वेळी झालेलं. पण हे केरूचं आहे. केरूचे सगळे डोस झालेत, शुभंकरचा एकही नाही."

शुभंकर कसनुसा हसला. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या पानाच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण मधोमध सिस्टरच्या ठळक अक्षरात 'केरू सखाराम' शाबूत होतं. हातातल्या पासपोर्टवर मात्र केरूचा मागमूस नव्हता.

अमेरिकेतल्या विद्यापीठाला शुभंकरचं सगळं पसंत पडलं होतं. मार्क पसंत, इंग्रजी पसंत, बँकेचं पत्रही पसंत. आता फक्त लहानपण पसंत पडायचं राहिलं होतं. लहानपणी टोचलेल्या लसींचा दाखला, पासपोर्टवरच्याच नावाने, सरकारी डॉक्टरच्या सहीने, शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर प्रवेश थांबवला जाईल, अशी मेल तीनदा येऊन गेली होती. नव्याने टोचून घ्यायचं तर सगळे डोस पुरे व्हायला आठ महिने. विमान अकरा दिवसांवर होतं आणि आज गुरुवार होता.

"सर, तो मीच आहे. गावात कोणालाही विचारा."

"अरे, मला पटतंय. पण मला पटून काय उपयोग?" डॉक्टर तरुण होते आणि मनाने चांगले होते. "आईने नाहीतर वडिलांनी लिहून द्यावं, की केरू आणि शुभंकर हे एकच. दोन ओळी पुरेत. मग मी दाखल्यावर दोन्ही नावं घालतो आणि शिक्का मारतो."

वडील बोटीवर होते. पुढचं बंदर येईपर्यंत त्यांचा फोन लागणार नव्हता. राहिली आई. मालन बाकाच्या टोकाला छत्री दोन्ही हातांनी धरून बसली होती. वेळणेश्वरहून एसटीत येतानाही तिने ती सोडली नव्हती.

डॉक्टरांनी कागद स्वतःच लिहिला, वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं. "काकी, इथे सही करा."

मालनने पेन घेतलं नाही.

"ह्यो कागद कुठं जाणार?"

"अमेरिकेला."

"म्हंजे सगळ्यांना कळणार, केरू तो ह्योच."

"तेच तर कळायला हवंय."

"मंग नको," ती म्हणाली.

"आई, सही कर गं!" शुभंकरचा आवाज चढला. "उद्यापर्यंत नाही गेलं तर सगळं संपलं!"

मालनने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती डॉक्टरांनाच म्हणाली, "दोन गेली माजी, सायेब. एक बारशानंतर आठ दिवसांनी, एक दात येता येता. दोघांना चांगली नावं ठेवलेली. मंग ह्याला जल्मल्या जल्मल्या केरावर ठेवला. शेजारच्या गोदावैनीनं उचलला. मी मूठभर कण्या दिल्या नि तिच्याकडनं इकत घेतला. नाव ठेवला केरू. केराला कोण नेत नाय."

आज लसीकरणाचा वार होता. बाहेर कोणाचं तरी बाळ टोचल्यावर जीव खाऊन रडायला लागलं.

"शाळेत घालताना बापसानं शुभंकर लावला. मी बोलले, लावा. शुभंकर जाऊ दे शाळेत, घरात माजा केरू ऱ्हाईल. पण दोघं एकच, असा मी आजपत्तूर कोणाला बोलले नाय. आता काय लिवून देऊ?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. शिकवायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं, पण दोन मुलं गेलेल्या बाईला काय शिकवणार?

शुभंकर आईसमोर उकिडवा बसला. "मग मी नको जाऊ?"

"जा की. मी नको बोलते काय?" तिचे डोळे भरले. "तू जा. पण ह्ये माज्याकडनं नको लिवून घेऊ."

"तुझ्याशिवाय कोण लिहून देणार, आई?"

तिने पेन घेतलं. एकेक अक्षर सुटं काढत 'मालन सखाराम' लिहिलं आणि पेन विस्तवासारखं टेबलावर टाकलं.

शिक्का बसला. दाखल्याचा आणि कागदाचा फोटो शुभंकरने तिथूनच पाठवला. मोबाइलवर हिरवी खूण आली, कागद पोचले. त्याला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आईच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं.

पायरीशी झाडूवालीने केर ओढून ठेवला होता. आंब्याची पानं, एसटीच्या तिकिटांचे कपटे, लाल माती. मालन वाकली. चिमूटभर केर उचलून तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घातला आणि वरून हाताने दाबला. एरवी तो ओरडला असता. आज त्याने खिसा झटकला नाही.

ती खिशावरचा हात काढेना.

"तिकडं केर असतो ना रे?" तिने विचारलं.