तळहाताएवढी जागा

लोर्नाने बॅग भरून दाराशी ठेवली होती. वेंडेल आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा आणि बहिणीकडे, मोनाकडे निघून जायचं. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

ईस्टरच्या जेवणाला वेंडेल मोनाला तोंडावर फुकटी म्हणाला, तेव्हापासून नवराबायकोत अबोला होता. लोर्नाने त्याच्या टकलाला रोज सकाळी उन्हापासून वाचवणारं क्रीम लावणंही बंद केलं. ॲरिझोनाचं ऊन, आणि हा माणूस दिवसभर लोकांचे स्विमिंग पूल साफ करणार. टोपी घातली तर म्हणे डोकं उकडतं. मागे डॉक्टरने टाळूवरचा एक वाईट डाग काढून टाकला होता आणि क्रीम चुकवू नका म्हणून बजावलं होतं. भाजलं की येईल मुकाट्याने, असं तिला वाटलं होतं.

तो आला नाही. जून उलटला तरी टक्कल पुढून तुकतुकीत. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. तो जातो त्या स्विमिंग पुलांच्या काठी बायका पहुडलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या उशाशी क्रीमची ट्यूब असते.

वेंडेल आला. पायरीवर बसून ओले बूट काढू लागला. लोर्ना त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"ती कोण आहे तेवढं सांग. मग मी जाते."

"कोण ती? दमलोय गं, सरळ बोल."

"तुझ्या टकलाला क्रीम कोण चोपडतं?"

"मीच. दुसरं कोण चोपडणार?"

खोटारडा, असं ती म्हणणार होती. पण एरवी तिच्यापेक्षा हातभर उंच असणारं ते टक्कल आज तिच्या नजरेखाली होतं. मागच्या बाजूला, आरशात दिसत नाही तिथे, तळहाताएवढी जागा लालबुंद भाजून सोलली होती. कडेने वाळलेल्या क्रीमचे पांढरे फराटे होते, त्याच्याच जाड बोटांचे. रोज तो चाचपडत इथवर आला होता आणि रोज एवढीच जागा चुकली होती.

लोर्नाला भडभडून आलं. तिने कुंडीतलं कोरफडीचं पान मोडलं, त्याच्या मागे टेकली आणि गर लावू लागली. तो कळवळला, पण हलला नाही.

"फोन काढ," ती म्हणाली. "मोनाला लाव. लोर्ना येत नाही म्हणून तूच सांग तिला."