प्रत्येक पानाला पासवर्ड

आचोळ्यात राहणाऱ्या सुरुचीचा नवरा जहाजावर इंजिनिअर होता. लेक वाढताना त्याला दिसावी म्हणून दीर अल्पेशनं वेबसाइट केली होती, दर महिन्याला एक पान. अकराव्या महिन्यात मेंदूज्वरानं पोर गेली. जहाज भर समुद्रात होतं. कंपनीला कळवू या, असं अल्पेश म्हणाला. सुरुचीनं त्याला अडवलं. “परक्याच्या तोंडून त्यांना कळायला नको. बंदरावर उतरले की मीच सांगेन.” पण नातेवाईक फोटोंखाली श्रद्धांजली लिहू लागले. किनाऱ्याला लागताच तो आधी वेबसाइटच उघडणार होता. “भाऊजी, प्रत्येक पानाला पासवर्ड लावा,” ती म्हणाली. “पानं उघडली नाहीत तर मलाच फोन करतील.” नवव्या दिवशी फोन वाजला. “अगं, पासवर्ड काय ठेवलायस? चालायला लागली का ती?” तो हसत होता. सुरुचीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “अहो, आधी खाली बसा.”