दहा पावलांची पट्टी

संशोधक बाईंनी खडकावर लोखंडी चौकट ठेवली, गुडघे टेकले आणि चौकटीतला जीव मोजायला सुरुवात केली. मोजण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी भिंग लावून पाहिलं, चौकट सरकवली, पुन्हा पाहिलं आणि वहीत शून्य लिहिलं. या खडकावरचं हे सहावं शून्य होतं.

दोघा भावांतला थोरला मागे उभा होता. हा खडक त्याचा. सहा वर्षांपूर्वी जहाज फुटून काळं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हापासून खडकाला चिकटलेली कालवं काढायला बंदी होती; साफसफाई आटोपल्यावर तर खडकांवर पाऊल टाकायलाही मनाई झाली. ज्या खडकावर जीव परतला असेल, तिथली बंदी आज उठणार होती. सगळी वस्ती सकाळच्या ओहोटीला येऊन थांबली होती. पहिला मान आपलाच, याची थोरल्याला खात्री होती. त्याच्याइतकं या किनाऱ्यावर कुणी राबलंच नव्हतं.

आणि राबला होता हे खरंच. सरकारी माणसांनी गरम पाण्याचे पंप आणले, त्यातला पहिला त्याने उचलला. बावीस दिवस कढत पाण्याचा फवारा मारला, साबणाची पावडर टाकून ब्रशने खडक घासला. हातांची सालटी निघाली. शेवटी खडक असा लख्ख झाला, की ताट न घेता त्यावरच जेवावं. पेपरात त्याचा फोटोसुद्धा आला.

शेजारचा खडक धाकट्याचा. बापानेच दोघांत वाटून दिलेला. तिथे हा पठ्ठ्या काय करत होता? खुरप्याने तेलाचे जाड गोळे तेवढे उचलून बादलीत टाकायचा आणि उरलेला वेळ लाटांकडे बघत बसायचा. वस्तीने त्याचं नाव ‘निवांत’ ठेवलं ते तेव्हापासून.

“दादा, कढत पाणी नको मारूस,” तो म्हणाला होता. “तेलाखाली अजून जीव आहे. सगळा शिजेल.”

“अंग हलवायला नको, म्हणून ही थेरं!” थोरला सगळ्यांदेखत ओरडला. “बापाचा खडक सडवतोयस आणि वर मला शिकवतोस?”

पण रक्ताचं नातं ते. धाकट्याच्या बायकोला बाळंतपणासाठी मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं आणि तो चार दिवस घरी नव्हता. लोक भावाला हसतात, हे थोरल्याला आतून लागत होतंच. त्याने नळी हद्दीपलीकडे ओढली. भावाच्या खडकाच्या ऐन मध्यात, जिथे कालवं सगळ्यात दाट यायची, तिथे दहा पावलांची पट्टी घासून काढली. पंपाचं डिझेल संपलं म्हणून थांबला, नाहीतर सगळाच खडक धुतला असता.

धाकटा परत आला, त्या पट्टीवर बराच वेळ उभा राहिला आणि अवाक्षर न बोलता घरी गेला. थोरला दारात वाट बघत बसला. भाऊ येईल, निदान ‘कशाला एवढा त्रास घेतलास’ म्हणेल. भाऊ आला नाही. केल्या उपकाराची जाण नाही म्हणत थोरल्याने बोलणं टाकलं. पुतणी चालायला लागली, शाळेत जायला लागली; त्याने तिला एकदाही कडेवर घेतलं नाही.

आता बाई हद्दीपलीकडे गेल्या. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. ओलं शेवाळ, गोगलगायी, भेगाभेगांत खेकडे आणि कालवांवर कालवं. मोजता मोजता बाई हसायला लागल्या.

“तेलातून जे वाचतं, ते कढत पाण्यात मरतं,” त्या वस्तीला म्हणाल्या. “जाड तेल उचलायचं आणि बाकीचं लाटांवर सोडायचं, एवढंच इथे करायला हवं होतं. आम्हालाही हे उशिराच कळलं.”

“आता निवांतलाच गुरू करा!” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

थोरल्याला मान वर करवेना. बावीस दिवस तो खडक वाचवत नव्हता, शिजवत होता.

तेवढ्यात बाई थबकल्या. “ही मध्येच पांढरी पट्टी कसली? दोन्हीकडे एवढा जीव आणि इथे काहीच नाही?” त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. “तुम्ही तर पाणी मारलं नव्हतं. मग हे कुणी केलं?”

 आपणच सांगून टाकावं असं थोरल्याला वाटलं, पण जीभ उचलेना. भाऊ त्या दिवशी गप्प का राहिला, ते त्याला आत्ता कळत होतं. बोलला असता तर काय काय बोलला असता! ज्याला सहा वर्षं कृतघ्न म्हटलं, त्याने सहा वर्षं हे सगळं पोटात ठेवलं होतं. आज ते ओठांवर आलं, तर त्याला कोण दोष देणार? ओरड बाबा, थोरला मनात म्हणाला, मी ओरडलो होतो तसा चारचौघांत ओरड.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांची नजर भिडली. मग तो बाईंकडे वळला. त्याच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा.

“तिथे माझ्या दादाने मला मदत केली होती, मॅडम.”