चालण्यावरून

चपलांच्या दुकानाशी आल्यावर अरविंद ओतारी नेहमीसारखा फुटपाथवरच थांबला.

"लेकीचे पहिले बूट आहेत. आज तरी आत या," शैला म्हणाली.

"मला बघून दार बंद होईल. उगाच चारचौघांत शोभा नको."

त्यानं वर्षानुवर्षं दुकानांत कॅमेरे बसवले होते. नव्या कॅमेऱ्याला चोर कसा असतो ते शिकवावं लागे. त्यासाठी दुसरा माणूस कुठून आणायचा? मग अरविंदच वस्तू खिशात घालून चालून दाखवायचा. पुढे सगळे कॅमेरे एकमेकांना जोडले गेले, चालण्यावरून माणसं ओळखू लागले, आणि अरविंद गावोगाव चोर ठरला.

शैला लेकीला कडेवर घेऊन आत गेली. पी-पी वाजणारे लाल बूट घालून तिनं तिला खाली उभं केलं. उघड्या दारातून बाबा दिसले, तशी एरवी भिंत धरून चालणारी ती पोर पहिल्यांदाच हात सोडून खिदळत निघाली, डावा पाय जरासा बाहेर फेकत.

"अहो, बघा तरी! अगदी तुमच्यासारखी चालतेय!"

अरविंद फुटपाथवरूनच ओरडला, "शैला, उचल तिला! आधी उचल!"

पोरीनं आणखी एक पाऊल टाकलं. दार खाडकन बंद झालं.