दुसऱ्याची मंजुरी

डहाणू-तलासरीत साप चावला तर लस कुठल्या आरोग्य केंद्रात मिळेल, हे सांगणारं ॲप दक्षा आणि जतीन मिळून चालवत. एकदा ॲपवर चुकीच्या केंद्राचं नाव लागलं, तेव्हापासून दोघांनी नियम केला होता: एकाने केंद्रांच्या यादीच्या फाईलमध्ये केलेला बदल दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय ॲपवर जाणार नाही.

दुपारी महामार्गापलीकडच्या केंद्रातून नर्मदा सिस्टरचा फोन आला. "ताई, शेवटची लस आत्ताच दिली. आमचं नाव काढा लगेच."

दक्षाने फाईलमधून नाव काढलं, बदल मंजुरीला पाठवला आणि जतीनला फोन लावला. तो उचलेना. ॲपमध्ये घातलेला मंजुरीचा नियमच काढून टाकावा, तर त्यासाठी लागणारं मुख्य खातं त्याच्या नावावर. तिने पुन्हा पुन्हा फोन लावला. मग आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "काय रे, आशागडच्या वाडीत चिकूखाली झोपलास का? एक बटण दाबायचंय फक्त. इथे कोणाचा तरी जीव जाईल!"

ॲपवर केंद्राचं नाव तसंच होतं.

शेवटी त्याने फोन उचलला. "दक्षा, गाडी चालवत होतो गं. आईला वाडीत घोणस चावली."

"जतीन, कुठे नेतोयस त्यांना?"

"आपल्या ॲपवर बघूनच महामार्ग ओलांडला," तो म्हणाला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग फोनपासून जरा लांब, त्याचाच आवाज, "उतर आई, पोचलो आपण."