शेवटची ओळ

बसचालक डोळे तपासायच्या खुर्चीत बसला, तेव्हा तक्त्यावरची अक्षरं धुक्यातल्या पाखरांसारखी तरंगत होती. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, म्हणून मित्रांनी त्याच्याकडून तक्ता घोकून घेतला होता. "काका, शेवटची ओळ वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओठांवर आलेला 'र' त्याने गिळला. हल्ली पवित्र शास्त्र त्याला बायकोच वाचून दाखवायची. सकाळी वाचलेलं येशूचं वचन तिच्याच आवाजात कानी घुमलं: हो तर होच म्हणा, नाही तर नाहीच. "बाई, तक्ता पाठ आहे, दिसत मात्र नाही." कागदावर शिक्का बसला: गाडी चालवणं बंद. बाहेर बायको थांबली होती. "खरं सांगितलंत ना?" त्याने मान डोलावली. घरी जाताना बसमध्ये तो तीस वर्षांत पहिल्यांदाच प्रवाशासारखा खिडकीशी बसला. "रस्ता आता दुसरा कुणी बघेल," ती म्हणाली. झाडं हिरव्या पाण्यासारखी वाहत गेली.