साइडकारमधली वाळू

घाटातल्या डाव्या वळणावर मोटरसायकलच्या साइडकारचं चाक रस्ता सोडून उचललं, तसा सर्जेरावांनी वेग कमी केला. रिकामी साइडकार अशी उचलते, हे त्यांना ठाऊक होतं. पण आत तर त्यांची बायको मालन बसली होती.

लग्न झाल्यापासून तिची जागा तीच. अजूनही पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायची, "भारी गाडी, काका!" म्हणायची. आता ती गाडी फक्त इस्पितळाच्या खेपा करत होती. "औषध लागू पडतंय," असं डॉक्टर सांगत. हँडल धरलेल्या हातांना मात्र मालन झिजत चाललेली कळत होती.

पुढच्या खेपेला त्यांनी तिच्या पायाखाली वाळूची पिशवी ठेवली. "पाय टेकायला बरं," म्हणाले. मग दर खेपेला ते गुपचूप वाळू वाढवत गेले. चाक पुन्हा उचललं नाही.

आज तिला दाखल करायचं होतं. त्यांनी तिला लेकरासारखं उचलून आत बसवलं. पिशवीवर पाय टेकवत ती म्हणाली, "अवो, येताना एकटं असलात तर ही माझ्या जागेवर ठेवा. वळणावर गाडी उलटायची."